ऑडॅसिटीत आवाजाची फाइल उघडणे आणि बघणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी, आजोबांची मुलाखत, व्हॉट्सॲपवर आलेला व्हॉइस मेसेज, स्नेहसंमेलनाचं रेकॉर्डिंग असं काहीबाही घेऊन लोक ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे येतात आणि बरेचसे पहिल्याच पायरीवर अडतात. एक तर फाइल उघडत नाही, किंवा उघडते पण समोर काय दिसतंय ते कळत नाही. म्हणून या पानावर फक्त उघडणं आणि बघणं एवढंच घेतलं आहे. नॉइज काढणं, कापाकापी, मिक्सिंग इथे नाही.

उत्तरं ऑडॅसिटीच्या ३ क्रमांकाच्या आवृत्त्यांना धरून आहेत. एखादी आज्ञा तुमच्याकडे जरा वेगळ्या मेनूत असू शकेल. मॅकवाल्यांनी ‘कंट्रोल’ वाचलं की ‘कमांड’ समजावं.

१. ऑडॅसिटी खरंच फुकट आहे का? मोबाइलवर चालते का?

फुकट आहे, आणि मुक्त स्रोतही आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये तिचं काम सुरू केलं आणि २००० साली ती लोकांच्या हाती आली. २०२१ पासून ती म्यूझ ग्रुपकडे आहे, पण परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त स्रोताचाच राहिला. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. मोबाइलसाठी ऑडॅसिटीचं ॲप नाही. ॲप स्टोअरमध्ये मिळतंजुळतं नाव दिसलं तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.

मेनू मराठीतही दिसू शकतात. प्रेफरन्सेसमध्ये ‘इंटरफेस’खाली भाषा बदलता येते. तरी माझं मत विचाराल तर मेनू इंग्रजीच ठेवा. अडलात की मदत शोधताना तीच नावं समोर येतात.

२. ‘ओपन’ आणि ‘इम्पोर्ट’ यात फरक काय?

विंडो रिकामी असेल तर जवळजवळ काहीच नाही. विंडोत आधीच काही असेल तर ‘फाइल > ओपन’ नवी फाइल वेगळ्या विंडोत उघडतं, आणि ‘फाइल > इम्पोर्ट > ऑडिओ’ (कंट्रोल + शिफ्ट + आय) ती आहे त्याच विंडोत, आधीच्या ट्रॅकखाली आणून ठेवतं. फाइल माउसने ओढून विंडोत टाकली तर तो इम्पोर्ट होतो.

निवेदनाखाली तानपुरा हवा असेल तर इम्पोर्ट. दोन वेगळी कामं असतील तर ओपन.

३. फाइल उघडून चुकून अर्धी उडवली आणि सेव्ह केलं. मूळ रेकॉर्डिंग गेलं का?

नाही. ऑडॅसिटी एमपी३ किंवा वेव्ह फाइल उघडते म्हणजे त्यातला आवाज वाचून स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये त्याची प्रत करून घेते. त्यानंतरची सगळी कापाकापी त्या प्रतीवर होते. ‘सेव्ह प्रोजेक्ट’ केलं की एयूपी३ फाइल तयार होते आणि मूळ फाइल जागच्या जागी जशीच्या तशी राहते.

मूळ फाइल जाण्याचा एकच सरधोपट मार्ग आहे: ‘एक्स्पोर्ट’ करताना (म्हणजे एमपी३सारखी ऐकायची फाइल काढताना) तेच नाव, तेच फोल्डर निवडायचं आणि ‘फाइल आधीच आहे, बदलू का?’ या प्रश्नाला न वाचता ‘हो’ म्हणायचं. नावापुढे ‘संपादित’ जोडायची सवय लावा. आणि हो, एयूपी३ कुणाला ऐकायला पाठवू नका. ती फक्त ऑडॅसिटीतच उघडते, ऐकायला द्यायची तर एक्स्पोर्टच करावं लागतं.

४. ५८ एमबीची एमपी३ उघडली आणि प्रोजेक्ट सव्वा जीबीचा झाला. काही बिघडलंय का?

काही बिघडलेलं नाही. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) तासाभराची एमपी३ साधारण ५८ एमबीची असते, कारण आवाज दाबून बसवलेला असतो. ऑडॅसिटी तो पूर्ण उलगडते: सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं), डावा-उजवा असे २ चॅनल, आणि प्रत्येक नमुन्याला ३२ बिट म्हणजे ४ बाइट. गुणाकार केला की तासाला सुमारे १.२७ जीबी होतात. उघडायला लागणारा वेळही यातच जातो.

डिस्कवर जागा राखून ठेवा आणि काम चालू असलेला प्रोजेक्ट लॅपटॉपच्याच डिस्कवर असू द्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. क्लाउडशी सतत सिंक होणारं फोल्डरही टाळलेलं बरं.

५. व्हॉट्सॲपचा मेसेज, आयफोनचं रेकॉर्डिंग, व्हिडिओतला आवाज यातलं काय थेट उघडतं?

वेव्ह, एआयएफएफ, एमपी३, फ्लॅक आणि ऑग व्हॉर्बिस निमूट उघडतात. एम४ए (आयफोनचा व्हॉइस मेमो आणि बऱ्याच अँड्रॉइड रेकॉर्डरच्या फायली), एएमआर (जुन्या फोनवरची रेकॉर्डिंग), डब्ल्यूएमए आणि एमपी४ व्हिडिओतला आवाज यासाठी एफएफएमपेग नावाची जोड लागते. ती ऑडॅसिटीसोबत येत नाही, वेगळी बसवावी लागते. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ओपस प्रकारचे असतात. एफएफएमपेग असेल तर त्यांचीही अडचण येत नाही.

ही जोड वेगळी ठेवण्यामागे पेटंटचं लचांड आहे. एमपी३ एक्स्पोर्ट करायलाही एकेकाळी लेम नावाची जोड शोधत हिंडावं लागायचं. एमपी३ची पेटंटं २०१७ पर्यंत संपली, त्यानंतर लेम ऑडॅसिटीच्या पोटातच आली.

६. एफएफएमपेग बसवलं, तरी ‘फाइल ओळखता आली नाही’ असंच येतंय.

आधी ऑडॅसिटी पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मग प्रेफरन्सेसमध्ये ‘लायब्ररीज’ उघडून एफएफएमपेगचा आवृत्ती क्रमांक दिसतो का बघा. दिसत नसेल तर ‘लोकेट’ बटणाने जागा दाखवा. ऑडॅसिटी ६४ बिटची तर एफएफएमपेगही ६४ बिटचंच लागतं. शिवाय अगदी नवं एफएफएमपेग जुनी ऑडॅसिटी ओळखत नाही. अशा वेळी ऑडॅसिटीच अद्ययावत करा.

एवढं करूनही उघडत नसेल तर संशय फाइलवर घ्या. फाइलचा आकार बघा. शून्य केबी असेल तर आत काही नाहीच. फाइल क्लाउडवरची असेल तर ती खरोखर डाउनलोड झालीय की नुसता आयकॉन दिसतोय, ते तपासा. कुणी नावातलं शेपूट (टिंबापुढची अक्षरं) बदलून एम४एचं एमपी३ ‘केलं’ असेल, तर नाव बदललं तरी आतला ऐवज तोच राहतो. मूळ शेपूट परत लावा. संगीताच्या ॲपमध्ये ऑफलाइन ऐकण्यासाठी उतरवलेली गाणी कुलूपबंद असतात. ती उघडणार नाहीत, आणि त्यावर इथे उपायही मिळणार नाही.

वेव्ह फाइल असून उघडत नसेल, तर प्रश्न १७ पहा.

७. फोल्डरमध्ये फाइल आहे, पण ‘ओपन’च्या यादीत दिसतच नाही.

खालच्या बाजूला फाइल-प्रकाराची यादी असते. तिथे एखादाच प्रकार निवडलेला राहिला असेल. ‘ऑल फाइल्स’ करा.

८. प्रवचनाचे तुकडे वेगवेगळ्या फायलींत आहेत. एकदम उघडून एकापाठोपाठ लावता येतील का?

येतील. इम्पोर्टच्या यादीत कंट्रोल दाबून हव्या त्या फायली निवडा. प्रत्येकीचा वेगळा ट्रॅक होतो आणि सगळे शून्यापासून सुरू होतात, म्हणून प्ले केलं की बाजार भरल्यासारखा गोंगाट ऐकू येतो. कंट्रोल + ए ने सगळे निवडा, मग ‘ट्रॅक्स > अलाइन ट्रॅक्स > अलाइन एंड टू एंड’. तुकडे वरून खाली ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने जोडले जातात, म्हणून आधी ट्रॅकचा क्रम लावून घ्या. फायलींना ०१, ०२ अशी नावं दिली असतील तर तेही करावं लागत नाही. नुसतं १, २ दिलं तर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

९. ते निळं निळं जे दिसतं, ते नेमकं काय आहे? त्यावरून शब्द ओळखता येतात का?

तो वेव्हफॉर्म. आडवा अक्ष वेळेचा. उभ्या अक्षावर मधोमध ०, वर १ आणि खाली उणे १. नमुना शून्यापासून जितका दूर, तितका त्या क्षणी आवाज जोरात. गडद रंगाची बाहेरची कड म्हणजे त्या जागेतली शिखरं, आणि आतला फिकट पट्टा म्हणजे आरएमएस, ढोबळमानाने सरासरी जोर. कानाला आवाज किती मोठा वाटेल याचा अंदाज आतल्या पट्ट्यावरून येतो. नुसती टाळी वाजली तर बाहेरची कड उंच जाते, आतला पट्टा बुटकाच राहतो.

शब्द वाचता येत नाहीत, पण थोड्या सरावाने अक्षरांच्या जाती कळायला लागतात. ‘काका’ म्हणा आणि झूम करून बघा. दुसऱ्या ‘का’च्या आधी छोटी सपाट जागा दिसेल. तिथे जीभ मागे टाळूला टेकून हवा अडलेली असते. मग एक बारीक काटा, म्हणजे ‘क’ सुटला. आणि लगेच ‘आ’चं एकसारखं, पुन्हा पुन्हा येणारं नक्षीकाम सुरू. ‘स’ आणि ‘श’ अशा नक्षीशिवायच्या दाट झिपऱ्या दिसतात. ‘प’ किंवा ‘भ’ बोलताना माइक तोंडाशी असेल तर एक मोठा संथ हेलकावा येतो. तो श्वासाचा धक्का. तबल्याचा बोल कडा तुटल्यासारखा उभा सुरू होतो आणि मग उतरत जातो.

कापायचं असेल तर ती ‘क’आधीची सपाट जागा शोधा. तिथे सांधा ऐकू येत नाही.

१०. हवं तिथे पटकन जवळ जायचं कसं?

एवढ्या की पुरतात: कंट्रोल + १ ने जवळ, कंट्रोल + ३ ने दूर, कंट्रोल + ई ने निवडलेला भाग विंडोभर, कंट्रोल + एफ ने अख्खी फाइल विंडोत. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं तरी झूम होतं. शिफ्ट दाबून फिरवलं तर आडवं सरकतं. ‘माझी फाइल कुठे गेली, पान कोरं दिसतंय’ असं वाटलं तरी आधी कंट्रोल + एफ दाबा.

फारच जवळ गेलात की रेषेवर सुटे ठिपके दिसायला लागतात. ते नमुने, सेकंदाला ४४,१०० मधले एकेक.

११. ऐकू तर येतंय, पण वेव्हफॉर्म जवळजवळ सरळ रेघ आहे.

रेकॉर्डिंग हळू झालंय. ही उभी मोजपट्टी हळू आवाजाला फार कमी जागा देते. ०.५ म्हणजे कमाल पातळीच्या ६ डेसिबल खाली, ०.१ म्हणजे २० डेसिबल खाली, ०.०१ म्हणजे ४०. म्हणजे ४० डेसिबल खालचं, चांगलं ऐकू येणारं बोलणंही रेघेसारखंच दिसणार. डावीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर राइट-क्लिक करून डेसिबलची मोजपट्टी निवडा, दबलेलं सगळं वर येतं. याने आवाज वाढत नाही, फक्त बघण्याची पट्टी बदलते.

रेघ शून्यावर नसून किंचित वर किंवा खाली सरकलेली असेल तर तो डीसी ऑफसेट. साउंडकार्डातून किंवा स्वस्त माइकमधून येतो. ‘नॉर्मलाइझ’ इफेक्टमध्ये तो काढायची सोय आहे.

१२. आणि याच्या उलट? वेव्हफॉर्म दिसतो, पण आवाज येत नाही.

ट्रॅकवर ‘म्यूट’ दाबलेलं आहे का, किंवा दुसऱ्या ट्रॅकवर ‘सोलो’ आहे का, ते बघा. नसेल तर बहुधा तुम्ही ऑडॅसिटी उघडल्यानंतर हेडफोन लावला आहे. ‘ऑडिओ सेटअप’ बटणात ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस’ करा आणि प्लेबॅकसाठी हेडफोन निवडा.

१३. सगळीकडे लाल रेघा दिसतायत. रेकॉर्डिंग वाया गेलं?

‘व्ह्यू’ मेनूत ‘शो क्लिपिंग’ चालू असलं की आवाज जिथे कमाल मर्यादेला धडकतो तिथे लाल उभी रेघ येते. पण लाल रेघ म्हणजे निकाल नव्हे. झूम करून शिखर बघा. माथा सुरीने कापल्यासारखा सपाट असेल तर तो भाग रेकॉर्डिंगच्या वेळीच गेला. आवाज कमी करून तो परत येत नाही.

दोन अपवाद मात्र लोकांना हमखास चकवतात. पहिला एमपी३चा. आवाज दाबून पुन्हा उलगडताना काही शिखरं मूळच्यापेक्षा थोडी उंच होऊन १ च्या वर जातात, म्हणून लाल दिसतं. ऑडॅसिटीतल्या ३२ बिटांत ती शाबूत असतात. ‘ॲम्प्लिफाय’ने ३-४ डेसिबल खाली आणा, माथे गोल निघाले तर चिंता नको. दुसरा अपवाद उलटा आहे, आणि जास्त वाईट. सभागृहातल्या मिक्सरमध्येच आवाज फाटला आणि तिथून पुढे हळू पातळीवर रेकॉर्ड झाला, तर माथे ०.४ वरच सपाट दिसतील आणि लाल रेघ एकही येणार नाही. म्हणून लाल रेघेवर विसंबू नका, माथा बघा.

१४. स्पेक्ट्रोग्राम कधी बघायचा? नुसता रंगीबेरंगी पट्टा दिसतो.

‘किती जोरात’ यापेक्षा ‘कुठल्या पट्टीतलं’ हा प्रश्न असेल तेव्हा. ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूतून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडा. ‘मल्टि-व्ह्यू’ केलं तर वर-खाली दोन्ही दिसतात, मला तेच सोयीचं वाटतं. इथे उभा अक्ष कंपनसंख्येचा: खाली खर्ज, वर तार. रंग जितका उजळ तितका त्या पट्टीतला आवाज जास्त. गाण्यात सुराच्या एकावर एक समांतर रेघा दिसतात, आणि मींड घेतली की त्या सगळ्या मिळून वळतात. गाडीचा हॉर्न मागे वाजला तर त्याच्या रेघा बोलण्याच्या मधून आरपार जाताना दिसतात. वेव्हफॉर्ममध्ये तो सापडला नसता.

मागची घूं-घूं विजेची आहे का, हे इथे पक्कं कळतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५०, १००, १५० वर न हलणाऱ्या रेघा येतात. पण स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये ‘विंडो साइज’ २०४८ असेल तर एकेक पायरी सुमारे २१ हर्ट्झची होते आणि या रेघा एकमेकींत मिसळतात. ८१९२ करा, पायरी साडेपाचच्या आसपास येते आणि रेघा सुट्या होतात. त्याची किंमत अशी की वेळ धूसर होते, तबल्याचे बोल पसरट दिसतात. बोल बघायचे असतील तेव्हा साइज कमी करा.

फाइलची कुळकथाही इथेच कळते. ४४,१०० च्या फाइलमध्ये वरची मर्यादा २२,०५० हर्ट्झ. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये बहुधा १६,००० च्या आसपास वरचं सगळं एका आडव्या रेघेत तुटलेलं असतं. एएमआरमधलं कॉल रेकॉर्डिंग ४,००० वर संपतं. कुणी ‘मूळ वेव्ह’ म्हणून दिलेल्या फाइलमध्ये १६,००० ला अशी भिंत दिसली तर ती एमपी३ची वेव्ह केलेली आहे, असा दाट संशय घ्या. जुन्या कॅसेटीतही वर फारसं काही नसतं, पण तिथे रंग विरत जातो, भिंत नसते.

१५. फाइल उघडली, पण गाणं संथ आणि खालच्या पट्टीत येतंय.

नमुन्यांचा वेग चुकीचा वाचला जातोय. ४८,००० ने झालेलं रेकॉर्डिंग ४४,१०० समजून वाजवलं तर १० मिनिटांची फाइल १० मिनिटं ५३ सेकंदांची होते, आणि काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्याही थोडं खाली येतं. उलटं झालं तर चिरकं आणि घाईचं. ट्रॅकच्या मेनूत ‘रेट’मध्ये जाऊन खरा आकडा निवडा. ‘ट्रॅक्स > रीसॅम्पल’ वापरू नका. ते नव्याने गणित करून वेग तोच ठेवतं, म्हणजे चूक कायम राहते.

एकाच प्रोजेक्टमध्ये ४४,१०० आणि ४८,००० च्या फायली शेजारी असल्या तर मात्र काही करायची गरज नाही, ऑडॅसिटी ते सांभाळते. आणि कॅसेट मुळात प्लेयरवरच हळू फिरली असेल तर हा उपाय नाही. तिथे ‘चेंज स्पीड अँड पिच’ हा इफेक्ट लागतो.

१६. हेडफोनवर आवाज छान, पण फोनच्या स्पीकरवर बोलणारा माणूसच गायब होतो. फाइलमध्ये काय शोधू?

दोन्ही चॅनल खूप झूम करून शेजारी बघा. डावा वर जातो त्याच क्षणी उजवा खाली जात असेल, तर कुठेतरी एका तारेची जोडणी उलटी झाली आहे. फोनचा एकच स्पीकर दोन्ही चॅनलची बेरीज करतो आणि मधोमधचा आवाज शून्य होतो. ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टीरिओ ट्रॅक’ करा, एकाच चॅनलवर ‘इन्व्हर्ट’ लावा आणि पुन्हा जोडा.

१७. रेकॉर्डरची बॅटरी मध्येच गेली. वेव्ह फाइल ६०० एमबीची दिसते, पण उघडत नाही किंवा शून्य सेकंदाची उघडते.

आकार आहे म्हणजे आवाज बहुतेक आत आहे. वेव्हच्या सुरुवातीला माहितीचा एक मथळा असतो, त्यात आवाजाची लांबी लिहिलेली असते. बरेच रेकॉर्डर ती लांबी रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितात, आणि बॅटरी गेल्यामुळे ते राहून गेलं. आधी फाइलची प्रत काढा आणि त्या कार्डावर नवं काही रेकॉर्ड करू नका.

मग ‘फाइल > इम्पोर्ट > रॉ डेटा’. इथे ऑडॅसिटी मथळा न वाचता तुम्ही सांगाल तसं वाचते. सुरुवात अशी करा: साइन्ड १६ बिट पीसीएम, लिट्ल एंडियन, स्टीरिओ, स्टार्ट ऑफसेट ४४ बाइट, ४४,१०० हर्ट्झ. रेकॉर्डरची सेटिंग्ज आठवत असतील तर त्याप्रमाणे.

पहिल्या फटक्यात जमत नाही, पण काय चुकलं ते फाइलच सांगते. नुसता खरखराट आणि भरगच्च निळा पट्टा दिसला तर बिट चुकले आहेत, २४ करून बघा. आवाज ओळखू येतो पण दुप्पट वेगाने पळतोय, तर मोनो फाइल स्टीरिओ म्हणून वाचलीत. निम्म्या वेगाने आणि घोगरा, तर उलट. थोडासाच फरक वाटत असेल तर प्रश्न १५ मधला आकडा बदला. सुरुवातीला एक ‘टक्’ येऊन मग सगळं ठीक असेल, तर तुमच्या रेकॉर्डरचा मथळा ४४ पेक्षा लांब आहे. तो टक् कापून टाका, बाकी काही करू नका. ऑफसेट बदलायचाच तर १६ बिटांसाठी आकडा सम ठेवा. एका बाइटने सरकलात की चांगल्या फाइलचाही खरखराट होतो.

१८. जुना एयूपी प्रोजेक्ट मित्राकडून आणला, त्यात आवाजच नाही. आणि एयूपी३ शेजारच्या ‘डब्ल्यूएएल’ फाइलचं काय?

मार्च २०२१ मध्ये ३.० आवृत्ती येईपर्यंत प्रोजेक्ट दोन भागांत असायचा: एक छोटी एयूपी फाइल आणि शेजारी ‘डेटा’ शेवटी असलेलं फोल्डर. आवाज सगळा फोल्डरमध्ये. मित्राने नुसती एयूपी पाठवली असेल तर अनुक्रमणिका आली आणि पुस्तक त्याच्या घरीच राहिलं. फोल्डरचं नाव न बदलता दोन्ही एकत्र मागवा. नवी ऑडॅसिटी ते उघडून एयूपी३मध्ये सेव्ह करते. एयूपी३ मात्र २ क्रमांकाच्या आवृत्त्यांत उघडत नाही.

एयूपी३ ही खरं तर एस्क्यूलाइटचा डेटाबेस आहे. काम चालू असताना शेजारी ‘डब्ल्यूएएल’ शेपटाची फाइल तयार होते आणि ताजे बदल आधी तिच्यात जातात. प्रोजेक्ट नीट बंद केला की ती आपोआप नाहीशी होते. ऑडॅसिटी क्रॅश झाली, वीज गेली, आणि ती फाइल मागे राहिलेली दिसली, तर कचरा समजून उडवू नका. शेवटचं काम तिच्यातच असू शकतं. ऑडॅसिटी पुन्हा उघडा आणि ‘रिकव्हर’ विचारलं की हो म्हणा. प्रोजेक्ट दुसऱ्या लॅपटॉपवर न्यायचा असेल तर आधी ऑडॅसिटी बंद करा, ती फाइल गेली का बघा, मगच कॉपी करा.